तुम्ही काढून टाकलेला वॉल

नाना, तुमच्या जीपच्या इंजिनातून तुम्ही काढून टाकलेला पाण्याच्या वाटेतला एक वॉल मी परत बसवला आहे. तुम्ही असतात तर मी आधी विचारलं असतं, तुम्ही मान हलवून नाही म्हटलं असतं, आणि मी तो बसवला नसता. म्हणजे हे काम तुमच्या मागेच होण्यासारखं होतं. तरी ते तुम्हाला न सांगता राहणं मला जमत नाहीये. आज सकाळीच मी रावेरहून जळगावला परत आले. अंगणात गाडी उभी आहे, बॉनेट अजून कोमट आहे, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर हे लिहायला बसले आहे.

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. तुमच्यानंतर गाडी धाकट्याकडे मळ्यात राहिली. काही वर्षं त्याने तिच्यातून ठिबकच्या नळ्या आणि खताच्या गोण्या वाहिल्या, मग पिकअप घेतली आणि तिला केळीच्या बागेकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावून टाकलं. मी तिला आणायला गेले तेव्हा चारही टायर बसलेले होते आणि मागच्या सीटखाली कोंबडीने अंडी घातली होती. धाकटा म्हणाला, "अक्का, घेऊन जा, पण कोंबडी माझी आहे." तुमच्या जावयांनी गाडी अंगणात आलेली पाहिली, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "ही चालणार की हिची पूजा करायची?" मी म्हटलं, चालणार. मला हिला घेऊन सातपुड्यात फिरायचं आहे. तुम्ही मला नेत होता त्या वाटांनी, आणि तुम्ही नेलं नाही त्याही.

गेलं वर्षभर मी तिच्या मागे आहे. आधी ब्रेक केले. तुमच्या वेळी ब्रेक मारायचा म्हणजे सीटवरून अर्धं उठून सगळं अंग पायावर टाकायचं. आता पुढच्या दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, पाय नुसता ठेवला तरी गाडी ऐकते. स्टिअरिंगला पॉवर बसवली, कारण तुमच्या दंडात होती ती ताकद माझ्या दंडात नाही. चाकांवरच्या पाट्यांची, म्हणजे स्प्रिंगांची, पानं गंजून एकमेकांना चिकटली होती, ती बदलली. मोठ्या दातांचे टायर घातले. पुढच्या-मागच्या आसांना हवेसाठी छोटी भोकं असतात, त्यांना रबरी नळ्या जोडून त्या वर बॉनेटपर्यंत नेल्या. आता नाल्यात आस बुडला तरी ऑइलमध्ये पाणी शिरत नाही. पुढच्या चाकांना जोर द्यायचा तर अजूनही खाली उतरून त्यांच्या मधले हब हाताने फिरवावे लागतात. ते मात्र मी तसंच ठेवलं. चिखलात पाय घातल्याशिवाय चार चाकं मिळू नयेत, असं मला उगाच वाटतं.

पण इंजिन तापत होतं. जळगावच्या सपाट रस्त्यावर निभायचं, जरा चढ आला, जरा ओझं झालं की काटा लालकडे निघायचा. इथल्या गॅरेजवाल्याने एकदा ऐकून सांगितलं, मॅडम, या इंजिनात आता काही राहिलं नाही, नवीन टाकू. धाकट्याने तर सावद्याकडच्या एका अपघातातल्या गाडीचं टर्बो इंजिन बघूनही ठेवलं होतं. "अक्का, गाडी नानांची राहीलच ना. बॉडी तीच, नंबर तोच. आतलं काळीज बदललं म्हणून माणूस बदलतो का?" मी म्हटलं, "माणसाचं माहीत नाही, गाडीचं बदलतं." शेवटी त्याने अट घातली. उन्हाळ्यात, भर उन्हात, गोण्या भरून, सातपुड्यातल्या पालच्या जुन्या वाटेने गाडी वर चढवायची. डांबरी रस्त्याने नाही. चढली तर तुमचं इंजिन राहील, उकळली तर तो ते भंगारात देईल आणि मी मधे एक शब्द बोलणार नाही. मी हो म्हटलं. मग घरी येऊन दिवसभर मला काही सुचलं नाही, कारण ती वाट या गाडीने न तापता चढलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

तुम्ही धुळ्याकडचे. लग्नानंतर आईच्या गावी रावेरला येऊन राहिलात, धंदा मांडलात, पण आपली बोली सोडली नाहीत. 'आहे'ला 'शे' आणि 'सगळं'ला 'बठ्ठा' म्हणायचात म्हणून बाजारात लोक तुमची नक्कल करायचे आणि तुम्ही त्यांना त्याच बोलीत दोर विकायचात. कासरे, वेसणी, मोरख्या, घागरमाळा, शिंगांना लावायचा रंग. आठवड्याचे बाजार धरून तुम्ही डोंगरातल्या गावांना जायचात आणि पोळ्याच्या आधीचा महिना तर गाडीत माणसाला बसायला जागा नसायची. मी सुताच्या गाठोड्यांवर बसून यायचे, धाकटा घागरमाळांच्या पोत्यावर झोपायचा आणि खड्डा आला की त्याच्या अंगाखालून सगळा पोळा वाजायचा.

तुमच्याकडे बैल नव्हता. बैलाचं सगळं सामान विकणाऱ्या माणसाच्या दारात बैल नाही, यावरून आई तुम्हाला दर वर्षी टोचायची. पण खांदमळणीच्या दिवशी, लोक बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळत असायचे तेव्हा, तुम्ही अंगणात गोणपाट अंथरून गाडीखाली शिरायचात, हातात ग्रीसची पिचकारी. पाट्यांच्या पिना, स्टिअरिंगचे सांधे, पुढे-मागे जोर नेणाऱ्या दांड्यांचे क्रॉस, एकेका बोंडाला पिचकारी लावून जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं पिवळं दिसेपर्यंत दाबत राहायचात. मी शेजारी पालथी पडून चिंधीने पुसायचे. सगळं झालं की बॉनेटवर हात ठेवून, बैलाला देतात तसं तिला आवतण द्यायचात, उद्या जेवायला ये म्हणून. दुसऱ्या दिवशी, पोळ्याला, गाडी जागची हलायची नाही. बाजारातली माणसं येऊन विनवायची, भाड्याने मागायची. तुम्ही म्हणायचात, "आज नही. आज तिना सण शे." गाडीची काळजी कशी घ्यायची हे मला नंतर पुष्कळांनी सांगितलं, नेटवर तर जगभरची माणसं सांगतात. एवढ्या प्रेमाने, एवढ्या नियमाने सांगणारं अजून कुणी भेटलं नाही.

आणि माझ्या लग्नात तुम्ही रुखवतात पान्यांचा संच मांडला होता. रव्याचे लाडू, करंज्या, मण्यांची तोरणं, भरतकामाची उशी, आणि मधे लाल मखमलीवर ओळीने लावलेले पाने, लहानापासून मोठ्यापर्यंत. माझ्या सासूबाईंनी ते पाहून मोठ्याने विचारलं होतं, "व्याही, आमच्याकडे गाडी ढकलायला माणसं आहेत, हे कशाला?" सगळा मांडव हसला. मीही लाजून खाली पाहिलं. तुम्ही हात जोडून हसत म्हणालात, "ढकलनी पडाले नको म्हणीसन." ढकलायची वेळ येऊ नये म्हणून. सासूबाई पुढे कितीतरी वर्षं हे वाक्य पाहुण्यांना तुमच्या बोलीत म्हणून दाखवायच्या. नंतर नंतर त्यात चेष्टा उरली नव्हती.

वाटेवरच्या त्या जागेबद्दल लिहायचं आहे. जुनी वाट निम्म्यावर येते तिथे उजवीकडे वळते, वळणाच्या बाहेरच्या अंगाला थोडी सपाट जमीन आणि एक अंजनाचं झाड. तिथे पोचेपर्यंत काटा लालात गेलेला असायचा. दर वेळी. तुम्ही गाडी बाजूला घ्यायचात, इंजिन लगेच बंद न करता थोडं तसंच धडधडू द्यायचात, मी उडी मारून मागच्या चाकाला दगड लावायचे. मग बॉनेट उघडून आपण झाडाखाली बसायचो. रेडिएटरचं झाकण तुम्ही कधी घाईने उघडलं नाहीत. इतर जीपवाले बाजूने जायचे, त्यांच्याही गाड्या तापलेल्याच असायच्या, ते ओरडायचे, "नाना, दामटा हो, वर जाऊन थंड करू!" तुम्ही हात हलवून त्यांना पुढे घालवायचात आणि मला म्हणायचात, "घाई कसानी शे? बाजार काय पळी जाई राहिना?" आई कळण्याची भाकरी आणि ठेचा द्यायची, ते आपण तिथे सोडायचो. कधी नुसती केळी.

घरी तुम्ही मोजकं बोलायचात. दुकानात गिऱ्हाइकाशी, जेवताना आईशी, देवापुढे स्वतःशी. माझ्याशी म्हणून बोललात ते त्या अंजनाखाली. तुमच्या आईला वाचता येत नव्हतं पण ती सुताला हात लावून कापसाचं गाव सांगायची, हे तिथे कळलं. मला सायन्सला जायचं आहे हे मी तुम्हाला तिथे सांगितलं, आईला सांगायच्या आधी. मला गाडी चालवायला शिकवलंत तेही त्याच वाटेवर, आणि पहिल्याच चढाला रागावलात, "क्लचवरना पाय काढ. तठे त्यानं काय काम शे?" मी तो पाय असा काढला की आजही गिअर टाकून झाला की डावा पाय आपोआप मागे जातो. आणि मला पहिलं स्थळ आलं होतं, मोठं घर, चाळीसगावला दोन दुकानं, सगळ्यांना पसंत. मी कुणाला काही बोलले नव्हते. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत, माझ्याकडे न बघता म्हणालात, "तुले तो पोरगा नही आवडना ना?" मी ठेच्यात बोट फिरवत राहिले. "मंग नही. बठ्ठासले मी सांगसू." आणि उठून रेडिएटरच्या झाकणाला फडकं गुंडाळलंत. तेवढंच. घरी महिनाभर वाद चालला, मला त्याची झळ लागू दिली नाहीत.

तर गाडी तापणं हे माझ्या लेखी गाडीचं दुखणं नव्हतंच, तिचा स्वभाव होता. तिच्यात काही बिघडलं असेल असं मला वाटलंच नाही. सकाळी सुरू केली की ती पांढरा धूर सोडायची, गल्ली भरून जायची, शेजारच्या काकू खिडकी लावत ओरडायच्या, "नाना, गाडी आहे की धुनी?" तोही स्वभावच. मी नववीला उष्णता शिकवते, नाना. वहन, अभिसरण, फळ्यावर बाणाच्या आकृत्या. त्या आकृत्या आणि तुमची गाडी या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी शेजारी आल्या नव्हत्या.

एप्रिलमधल्या एका रविवारी मी पाण्याचा वरचा पाइप बदलायला काढला. तो जिथे इंजिनाला जोडलेला असतो तिथे वाटीसारखा एक भाग आहे. दोन नट सोडवून तो उचलला तर आत रिकामं. त्या जागी जो वॉल असतो, थर्मोस्टॅट, तो कसा असतो हे मला चित्रातून माहीत होतं. पितळेची छोटी डबी, आत मेण भरलेलं. पाणी थंड असेपर्यंत ती बंद राहते आणि पाणी एका आडवाटेने इंजिनातल्या इंजिनात फिरतं, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. पाणी पुरेसं तापलं की मेण फुगून वॉल उघडतो, पाणी रेडिएटरकडे जातं आणि त्याच वेळी ती आडवाट बंद होते. खान्देशात हा वॉल कुणी ठेवत नाही. एवढ्या उन्हात पाण्याच्या वाटेत अडथळा कशाला, असं म्हणून सगळे तो काढून फेकतात. मलाही ते इतकं सवयीचं होतं की रिकामी जागा बघून मी पाइप परत जोडायला घेतला.

मग हात थांबला. मी पायरीवर बसले आणि बोटाने हवेत बाण काढले. वॉल नसला तर आडवाट कायमची उघडी. सकाळी गरज नसताना पाणी रेडिएटरमधूनही जाऊन थंडच राहणार, डिझेल नीट जळणार नाही, म्हणून पांढरा धूर. आणि घाटात, जेव्हा थेंबन् थेंब रेडिएटरला हवा, तेव्हा त्यातलं बरंचसं आडवाटेने न निवताच परत इंजिनात. तापू नये म्हणून काढलेल्या वॉलमुळे गाडी तापत होती. माझ्या सबंध लहानपणी तापत होती.

नवा वॉल मी बाजारातून आणला आणि तो खरा आहे का बघायला चहाच्या पातेल्यात पाणी ठेवून त्यात दोऱ्याने टांगला. लेक कॉलेजातून आली, गॅसजवळ मला वाकलेली बघून म्हणाली, "आई, आज वॉलचा चहा का? आलं घाल." मी म्हटलं, बघ. आम्ही दोघी पातेल्यात डोकं घालून उभ्या राहिलो. बुडबुडे यायला लागले आणि ती डबी हळूच, कुणी हात न लावता, उघडली. "अय्या," लेक म्हणाली. मला मात्र तुमचा चेहरा दिसला आणि मी गॅस बंद केला.

मी धुळ्याला चाचांना फोन लावला. तुमचे मिस्त्री, तुमचे मित्र. आता गॅरेज मुलगा बघतो, ते खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या गाडीचं दुखणं आवाजावरून ओळखतात. मी वॉलचं सांगितलं. चाचा म्हणाले, "बेटा, वो मैंने निकाला था. माझ्या हाताने काढलेला वॉल तू मलाच लावायला सांगतेस?" मी म्हटलं, "चाचा, लावायला नाही, विचारायला फोन केला." तर हसले. "त्या वक्ताला गाडी गॅरेजात आली की आम्ही आधी वॉल काढायचो, मग विचारायचो, बोल भाऊ, काय झालंय. नानालाही मीच सांगितलं. पहिल्याच उन्हाळ्यात त्याची गाडी उकळली. बोअरच्या खाऱ्या पाण्याने रेडिएटर चोंदला होता, आता समजतं. तेव्हा वॉलवर राग काढला." मग एकदम गंभीर झाले. "पण एवढी वर्षं तापलेली गाडी. हेड वाकलं असेल. हेड वाकलं असेल तर तू सोन्याचा वॉल बसव, काही उपयोग नाही. घेऊन ये, उघडून बघू."

पहाटे निघून मी ऊन व्हायच्या आत धुळे गाठलं. चाचांच्या मुलाने हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं जड झाकण, उतरवलं, धुऊन बाकावर उपडं ठेवलं. चाचा खुर्चीतून उठले. त्यांनी स्टीलची सरळ पट्टी हेडवर उभी धरली आणि मला म्हणाले, "तू बघ. माझी नजर गेली. पलीकडून बॅटरी मार आणि पट्टीखालून उजेड दिसतो का सांग." मी वाकले. लांबीत बघितलं, रुंदीत बघितलं, कोपऱ्यातून कोपऱ्यात बघितलं. उजेड दिसला नाही. कुठेच नाही. मी म्हटलं, चाचा, अंधार आहे. ते म्हणाले, "परत बघ." मी परत बघितलं. मग त्यांनी स्वतः बोटाचं नख पट्टीच्या कडेने फिरवलं आणि पट्टी खाली ठेवली. हेड वाकलं नव्हतं.

"मी रावेरला होतो तेव्हा त्या घाटाच्या लाइनच्या जीपा सगळ्या माझ्याकडे यायच्या," ते म्हणाले. "सगळ्यांचे वॉल मी काढले. सगळ्या तापायच्या. सगळ्यांची हेडं वाकली, कुणाचं तडकलं, सगळ्या भंगारात गेल्या. लोक गरम गाडी दामटायचे ना. एक तुझा बाप थांबायचा. आम्ही त्याला हसायचो, नानाची गाडी झाडाखाली बसते, गाय आहे म्हणायचो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "काढायला नको होता. पण त्याने निभावून नेलं."

नाना, मी तिथे रडले नाही, गॅरेजमध्ये गिऱ्हाइकं होती. पण परत येताना पारोळ्यापर्यंत मला रस्ता नीट दिसत नव्हता. तुम्ही चुकलात हे मला समजलं होतं, आणि ती चूक किती धीराने सांभाळलीत हे त्या पट्टीखालच्या अंधारात दिसलं होतं. दर फेरीला, बाजार उशिरा गाठून, मोक्याची जागा दुसऱ्याला जाऊ देऊन, हसण्यावारी नेलं जाऊन तुम्ही थांबत राहिलात. मी ज्याला गाडीचा स्वभाव म्हणत होते, तो थांबण्याचा स्वभाव तुमचा होता.

मग वॉल बसवला. रेडिएटर उघडून नळी नळी साफ करून घेतली, बोअरच्या पाण्याऐवजी कूलंट भरलं, पाण्याचा पंप आणि पट्टा नवा टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली, दोन मिनिटांत धूर विरला आणि काटा वर येऊन मधोमध थांबला. तिथेच थांबून राहिला. लेकीने टाळी वाजवली. मला मात्र धाकट्याची अट आठवत होती.

काल शनिवारी ती पूर्ण केली. मे महिना, डोक्यावर सूर्य, रावेरच्या मळ्यातून धाकट्याने मोजून नव्हे, रचून गोण्या भरल्या. मी म्हटलं, "अरे, पाटे नवे आहेत." तो म्हणाला, "नाना काय कापूस न्यायचे?" तो शेजारी बसला, लेक मागे गोण्यांवर. डांबर सुटलं तिथे मी उतरून हब फिरवले, चार चाकांचा लहान दांडा मागे ओढला आणि वाट सुरू झाली. आता त्या वाटेने कुणी जात नाही. पावसाने मधोमध घळ पाडली आहे, दगड सुटे झाले आहेत. एक चाक घळीच्या या काठावर, एक त्या काठावर ठेवत गाडी पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने चढत होती, आणि इंजिनाला वारा मिळत नव्हता. सगळ्यात वाईट चाल तीच. धाकट्याने काट्यावर बोट ठेवलं होतं.

"हलला," तो म्हणाला.

"हलू दे."

"अक्का, अजून हलला."

"तू बोट काढ, तुझ्या बोटाने तापतोय."

लेक मागून ओरडली, "मामा, गाणं म्हण त्यापेक्षा!" एका पायरीवर पुढचं डावं चाक हवेत उचललं गेलं, गाडी कलली, गोण्या सरकल्या, मी पाय ॲक्सिलरेटरवर तसाच धरून ठेवला आणि मागची चाकं दगड चावत वर आली. काटा मधल्या रेषेच्या जरासा पुढे गेला. तिथे थरथरला. मी त्याच्याकडे बघत होते, दगडाकडे बघत होते, पुन्हा काट्याकडे. मला बाकी काही दिसत नव्हतं. मग चढ मऊ झाला, साग मागे पडले, एकदम आभाळ दिसलं आणि गाडी पठारावर आली. काटा हळूच मागे येऊन मधल्या रेषेवर उभा राहिला.

धाकटा उतरला, बॉनेटवर तळहात ठेवला, चटका बसला तसा उचलला, परत ठेवला. "त्या टर्बोवाल्याला नाही म्हणून सांगतो," तो म्हणाला. "त्याला काय, दुसरा कुणी मिळेल." आणि जरा वेळाने, पाठ फिरवून, "नाना असते तर आता म्हणाले असते, एवढ्या लवकर येऊन करायचं काय?"

तेवढ्यात लेकीने विचारलं, "आई, ते तुमचं अंजनाचं झाड कुठे आहे? तू दाखवणार होतीस."

मी मागे वळून बघितलं. आम्ही ते वळण केव्हाच ओलांडून आलो होतो. झाड आहे की पडलं, सपाट जागा तशीच आहे की वाहून गेली, मला काही सांगता येईना. मी काट्याकडे बघत होते, नाना. लेकीला मी म्हटलं, उतरताना दाखवते. पण उतरताना धाकट्याला मळ्यात लवकर पोचायचं होतं, म्हणून आम्ही डांबरी रस्त्याने आलो.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं हा प्रश्न नाही, मी ते घडी करून ठेवणार आहे. फक्त एक सांगायचं राहिलं. वर पोचल्यावर मला तुमची आठवण येऊन वाईट वाटायला हवं होतं, निदान मी तशी तयारी करून गेले होते. तसं झालं नाही. मला आनंद झाला. एक गोष्ट मला तुमच्यापेक्षा जास्त कळली होती, आणि ती मी खरी करून दाखवली होती, याचा आनंद. आयुष्यात मी तुमच्याशी कधी वाद घातला नाही. काल पहिल्यांदा घालावासा वाटला, मोठ्याने, बोट नाचवत, बघा मी सांगत होते ना, असं म्हणत. शेजारी धाकटा होता, लेक होती, पण त्यांना सांगून काय होणार होतं.